आट्यांना शिस्त लावणारा व्हिटवर्थ

मोटारीच्या चाकाचा एखादा नट हरवला तर आपण काय करतो? ऑटो पार्ट्सच्या दुकानात जातो, गाडीचं नाव आणि मॉडेल सांगतो, दुकानदार खोक्यातून एक नट काढून काउंटरवर ठेवतो. घरी येऊन तो बोटांनी फिरवला की स्टडवर सुरळीत चढतो. नट एका गावात बनलेला, स्टड दुसऱ्या गावात. दोघांची आधी कधी गाठ पडलेली नाही. तरी आटे जुळतात. माणसांची लग्नं स्वर्गात जुळतात म्हणे. नट-बोल्टांची मात्र १८४१ साली इंग्लंडमध्ये जुळली. ती जुळवणाऱ्या मध्यस्थाचं नाव सर जोसेफ व्हिटवर्थ.

मित्रांनो, फर्स्ट इयरला आपण फिटिंग शॉपमध्ये कानस घासतो, टॅप फिरवतो, सरफेस प्लेटवर जॉब तपासतो आणि जर्नलवर सही मिळाली की सुटलो म्हणतो. मशीन ड्रॉइंगच्या शीटवर व्हिटवर्थ थ्रेडचं प्रोफाइलही काढतो. पंचावन्न अंश हा आकडा व्हायवापुरता पाठ असतो. पण हा व्हिटवर्थ कोण, त्याला हे पंचावन्न कुठून सुचले, याची चौकशी आपण करत नाही. केली तर लक्षात येतं, की घरच्या गाडीचं चाक बदलताना नट नेमके किती आवळायचे, या अगदी साध्या प्रश्नाचं उत्तर याच माणसाच्या आयुष्यात दडलेलं आहे.

मामाची गिरणी

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट या गावी झाला. वडील चार्ल्स हे शाळामास्तर. पुढे ते धर्मोपदेशक झाले. १८१४ मध्ये आई वारली आणि घर विस्कटलं. जोसेफची रवानगी यॉर्कशायरमधल्या आयडल गावच्या शाळेत झाली. चौदाव्या वर्षी शिक्षण थांबलं आणि तो डर्बीशायरमध्ये मामाच्या सूतगिरणीत उमेदवारीला लागला. मामाचा बेत सरळ होता. भाच्याने धंदा शिकावा आणि पुढे गिरणी सांभाळावी.

पण भाच्याचं लक्ष सुतात नव्हतं, सूत काढणाऱ्या यंत्रांत होतं. गिरणीतली झाडून सगळी यंत्रं त्याने समजून घेतली आणि त्याच्या ध्यानात आलं, की ही यंत्रं फार ओबडधोबड बनवलेली आहेत. चांगलं यंत्र बनवायचं तर आधी यंत्र बनवणारं यंत्र चांगलं हवं. चार-एक वर्षांनी, १८२१ साली, मामाची आयती गादी सोडून तो मँचेस्टरला गेला आणि साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. आजच्या भाषेत सांगायचं तर घरचा बिझनेस सोडून पोरगं शॉप फ्लोअरवर गेलं! आपल्याकडे अशा वेळी घरात जे काही बोललं जातं, ते तिथेही बोललं गेलं असणारच.

तीन प्लेटा

१८२५ मध्ये त्याने फ्रान्सिस अँकर्स हिच्याशी लग्न केलं आणि दोघं लंडनला आली. तिथे हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. मॉडस्ले म्हणजे त्या काळातलं यंत्रकारांचं विद्यापीठच. अचूक आटे पाडणारा लेथ त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीलाच उभा केला होता. स्वतःच्या कारखान्यापुरते आट्यांचे ठराविक मापही त्यांनी पाळले होते. तिथे जोसेफच्या डोक्याने एक प्रश्न घेतला. पूर्ण सपाट पृष्ठभाग बनवायचा कसा?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. सपाट आहे की नाही हे तपासायला आधी दुसरं काहीतरी सपाट हवं. मग ते कशावर तपासलं? कोंबडी आधी की अंडं आधी, असा हा घोळ. दोन प्लेटा एकमेकींवर घासत बसलो, तर दोन्ही एकमेकींशी तंतोतंत जुळतील, पण सपाट होतीलच असं नाही. एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या जुळतातच. व्हिटवर्थने जी पद्धत पक्की केली ती तीन प्लेटांची. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी जुळवायची. तिन्ही जोड्या एकाच वेळी जुळल्या, तर तिन्ही प्लेटा सपाट असण्यावाचून दुसरा मार्गच उरत नाही. केवढी साधी युक्ती! मोजपट्टी नाही की यंत्र नाही, नुसतं तर्कशास्त्र.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या वेळी असे पृष्ठभाग एमरी पावडर टाकून एकमेकांवर घासत. पावडर कुठे जास्त साचते, कुठे कमी, आणि घासण्यावर कुणाचा ताबा राहत नाही. व्हिटवर्थने घासणं बंद केलं. प्लेटेवर रंग लावायचा, दुसरी प्लेट टेकवायची, जिथे रंग उमटेल तो उंचवटा हाताच्या स्क्रेपरने खरवडायचा आणि पुन्हा रंग लावायचा. आज आपल्या फिटिंग शॉपमध्ये निळा रंग लावून जॉब तपासतात तो याच परंपरेतला. १८४० मध्ये ग्लासगो इथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्याने ही पद्धत जाहीरपणे मांडली.

मॉडस्लेंनंतर त्याने होल्टझापफेल आणि मग जोसेफ क्लेमंट यांच्याकडे काम केलं. क्लेमंटच्या कारखान्यात तेव्हा चार्ल्स बॅबेज यांच्या डिफरन्स इंजिनचे भाग बनत होते. म्हणजे कॉम्प्युटरच्या पणजोबाच्या बाळंतपणातही व्हिटवर्थचा हात होता. हे वाचून आमच्या कॉम्प्युटर ब्रँचच्या मित्रांनी मेकॅनिकलवाल्यांकडे जरा आदराने पाहावं!

प्रत्येक बोल्टाचा एकच नट

१८३३ साली तो मँचेस्टरला परतला. वाफेच्या शक्तीची सोय असलेली एक खोली भाड्याने घेतली आणि लंडनहून आलेला हत्यारं बनवणारा अशी पाटी लावून धंदा सुरू केला. लेथ, प्लेनिंग मशीन, ड्रिलिंग मशीन अशी त्याची यंत्रं अल्पावधीत नावाजली गेली. धंदा वाढू लागला तशी एक अडचण रोज समोर येऊ लागली. ती म्हणजे आटे.

त्या काळी प्रत्येक कारखाना स्वतःच्या मर्जीने आटे पाडत असे. एकाचा अर्ध्या इंचाचा बोल्ट दुसऱ्याच्या अर्ध्या इंचाच्या नटात जाईलच याचा भरवसा नव्हता. कुणी इंचात बारा आटे पाडी, कुणी तेरा. आट्याचा कोन कुणाचा उभट, कुणाचा पसरट. यंत्र उघडलं, की कोणता नट कोणत्या बोल्टाचा याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. एखादा नट हरवला तर त्याच बोल्टासाठी नवा नट मुद्दाम बनवून घ्यायचा. नेमका हाच काळ रेल्वे पसरण्याचा. इंजिन एका गावी बनलेलं आणि बिघडायचं दोनशे मैलांवर. तिथल्या लोहाराकडे त्या आट्यांची डाय असेल तर नशीब!

व्हिटवर्थने यावर जो मार्ग काढला तो मला त्याच्या सगळ्या कामात सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आपला आटा सर्वोत्तम, तो सगळ्यांनी वापरा, असा हेका त्याने धरला नाही. त्याने इंग्लंडभरच्या नामांकित कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापं घेतली आणि सरासरी काढली. पाव इंच, अर्धा इंच, एक इंच आणि दीड इंच हे व्यास खुंटीसारखे पक्के धरले आणि मधले त्यांच्या अनुषंगाने बसवले. पाव इंचाच्या बोल्टाला इंचात २० आटे, अर्ध्या इंचाला १२ आणि एक इंचाला ८. कोनाची सरासरी आली ५५ अंश, म्हणून सगळ्यांसाठी ५५ अंश. आट्याचं टोक आणि तळ त्रिकोणाच्या उंचीच्या एक-षष्ठांशाएवढे गोलाकार. १८४१ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे त्याने हा प्रस्ताव ठेवला.

म्हणजे पंचावन्नमध्ये दैवी असं काही नाही. चोपन्न असते तरी चाललं असतं. महत्त्व आकड्याला नव्हतं, सगळ्यांनी एकच आकडा पाळण्याला होतं. आणि सरासरी असल्यामुळे कुणालाच आपली फार मोठी हार झाली असं वाटलं नाही. रेल्वे कंपन्यांनी हे आटे उचलले आणि दोन दशकांच्या आत ते ब्रिटनभर रूढ झाले.

त्याचा फायदा क्रिमियाच्या युद्धात दिसला. ब्रिटिश आरमाराला गनबोटींसाठी सुमारे नव्वद इंजिनं तातडीने हवी होती. एका कारखान्याला ते शक्यच नव्हतं. जॉन पेन या इंजिननिर्मात्याने नमुन्याचं इंजिन सुटं करून त्याचे भाग निरनिराळ्या कारखान्यांना बनवायला दिले. आटे सगळ्यांचे एकच असल्यामुळे ठिकठिकाणाहून आलेले भाग एकत्र जोडता आले आणि काम काही महिन्यांत उरकलं. आज पुण्या-चाकणच्या मोटार कारखान्यात शंभर ठिकाणचे भाग येऊन एक गाडी उभी राहते, त्यामागे हीच कल्पना आहे.

एका इंचाचे दहा लाख भाग

सपाट पृष्ठ झालं, आटे झाले. तिसरी गोष्ट होती माप. त्या काळचे कारागीर कॅलिपर लावून, पट्टीवर डोळा ठेवून मोजत. इंचाचा सोळावा, फार तर बत्तिसावा भाग. त्यापुढे किंचित सैल, जरा घट्ट, असा शब्दांचा कारभार. किंचित म्हणजे किती? तर उस्तादाच्या हाताला लागेल तितकं.

व्हिटवर्थने आट्यालाच मोजमापाचं साधन बनवलं. इंचात २० आटे असलेला स्क्रू घेतला. तो फिरवणाऱ्या चाकाला २०० दाते आणि त्या चाकाला फिरवणाऱ्या तबकडीवर २५० खुणा. गुणाकार करून पाहा. २० गुणिले २०० गुणिले २५० म्हणजे बरोबर दहा लाख. तबकडी एक खूण पुढे सरकली, की स्क्रू इंचाचा दहा लाखावा भाग पुढे जातो. १८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात व्हिटवर्थची यंत्रं आणि हे मोजयंत्र मांडलेलं होतं. लोक पाहून थक्क झाले.

व्हिटवर्थचा मुद्दा असा, की डोळ्यापेक्षा स्पर्श अधिक खरा. पण तो स्पर्श मोजता आला पाहिजे. हाताचं कसब नाकारणारा तो माणूस नव्हता; तो स्वतःच उत्तम कारागीर होता. फक्त एकाच्या हातातलं कसब दुसऱ्याला द्यायचं असेल तर त्याचं आकड्यात रूपांतर करावं लागतं, हे त्याला उमगलं होतं.

चाकाच्या नटापाशी

आता जरा आपल्या गाडीकडे येऊ. गाडी पंक्चर झाली, स्टेपनी लावायची आहे. आपण काय करतो? पान्याने नट आवळतो, मग जोर कमी पडेल या भीतीने पान्यावर पाय देऊन उभे राहतो. घट्ट म्हणजे किती घट्ट? तर अंगात असेल तितकं! व्हिटवर्थच्या आधीचा कारभार तो हाच.

यातलं यंत्रशास्त्र सेकंड इयरच्या मुलालाही कळेल असं आहे. पुष्कळांना वाटतं, गाडीचं वजन बोल्ट पेलतात. नीट आवळलेल्या चाकात तसं होत नाही. बोल्ट ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे दोन सपाट पृष्ठांत जे घर्षण निर्माण होतं, ते चाकाला जागेवर ठेवतं. दाब कमी झाला, की चाक हबवर सूक्ष्म सरकू लागतं, बोल्टावर मागेपुढे वाकवणारा भार येतो, नट सैल होत जातो आणि शेवटी बोल्ट थकून तुटतो. धावत्या गाडीचं चाक निखळण्याची गोष्ट बहुधा अशी सुरू होते.

आकडे घालून पाहू. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांचे स्टड १२ मि.मी. व्यासाचे असतात आणि आवळण्याचा टॉर्क साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि तोच पाळायचा. समजा १०० न्यूटन-मीटर धरला. टॉर्क म्हणजे एक गुणांक गुणिले व्यास गुणिले ताण. कोरड्या आट्यांसाठी गुणांक ढोबळमानाने ०.२ धरा. उत्तर येतं सुमारे ४२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वाचार टन! एकेक नट चार-पाच लहान मोटारींच्या वजनाएवढ्या जोराने चाक दाबून धरतो. गंमत म्हणजे आपण लावलेल्या टॉर्कपैकी जेमतेम दहावा हिस्सा हा ताण निर्माण करण्यात जातो. बाकीचा नव्वद टक्के नटाखालचं आणि आट्यांतलं घर्षण खाऊन टाकतं.

म्हणूनच आट्यांना तेल-ग्रीस लावायचं की नाही हा प्रश्न किरकोळ नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नसेल तर लावायचं नाही. तेलाने तो गुणांक ०.२ वरून ०.१५ वर आला, तर त्याच १०० न्यूटन-मीटरला ताण ५५ किलोन्यूटनवर जातो. एक-तृतीयांश जास्त, आणि हाताला काहीच कळत नाही.

आता पान्यावर उभं राहणाऱ्याचा हिशेब. ३० सें.मी. लांबीच्या पान्याच्या टोकावर ७० किलोचा माणूस उभा राहिला, तर टॉर्क होतो सुमारे २०६ न्यूटन-मीटर. हवा होता त्याच्या दुप्पट. पान्यात पाइप घालून लांबी वाढवली तर विचारूच नका. बोल्ट कायमचा ताणला जातो, आटे जातात, ब्रेकची डिस्क किंवा हब वाकडा होऊ शकतो, आणि पुढच्या वेळी रस्त्यात पंक्चर झालं तर घरच्या कुणाला तो नट सुटतही नाही. उलट त्याच पान्यावर १०० न्यूटन-मीटरसाठी टोकाला सुमारे ३४ किलोचा जोर पुरतो. मात्र ३४ किलो म्हणजे किती, हे हात सांगू शकत नाही. ते सांगायला टॉर्क रेंच लागतो. आकडा लावायचा, सावकाश ओढायचा, खट् झालं की थांबायचं. व्हिटवर्थला हे हत्यार नक्की आवडलं असतं.

आणि त्याच्या त्या सपाट प्लेटा? त्याही इथे येतात. सव्वाचार टनांचा ताण निर्माण होताना बोल्ट लांबतो किती? चाकाची पकडीतली जाडी २० मि.मी. धरली तर सुमारे ०.०५ मि.मी. डोक्याच्या केसाच्या जाडीएवढा! साऱ्या पकडीचं भांडवल एवढंच. आता हब आणि चाक यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा, चिखल किंवा रंगाचा जाड थर राहिला, आणि दोन दिवस गाडी चालल्यावर तो दबून चुरला, तर केसाएवढ्या भांडवलातला मोठा वाटा तिथेच संपतो. नट कुणी फिरवलेला नसतो, तरी चाक सैल! म्हणून दोन्ही पृष्ठं तारेच्या ब्रशने साफ करणं हे नट आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आणि म्हणूनच चाक लावल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली, की टॉर्क पुन्हा एकदा तपासायचा.

थोडक्यात क्रम असा. गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. हँडब्रेक ओढावा, गिअरमध्ये ठेवावी, समोरच्या टोकाच्या चाकाला ओंडका किंवा दगड लावावा. जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच, नट थोडे सैल करावेत. मग जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावावा आणि गाडीखाली हात-पाय घालू नयेत. चाक काढून पृष्ठं आणि आटे साफ करावेत. नवं चाक चढवल्यावर प्रत्येक नट आधी बोटांनीच काही आटे फिरवावा. बोटांनी जात नसेल तर तो वाकडा बसतो आहे, पान्याने जबरदस्ती केली की आटे गेलेच. नटाला निमुळती बाजू असेल तर ती चाकाकडे हवी. मग समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळावेत. चार असतील तर फुलीसारखे, पाच असतील तर चांदणी काढतो तसे. एका बाजूने ओळीने आवळत गेलं, तर चाक तिरकं बसतं आणि टॉर्क बरोबर दिसूनही पकड खोटी निघते. गाडी खाली टेकली की त्याच क्रमाने दोन टप्प्यांत पूर्ण टॉर्क द्यावा. यात ताकदीचं काम एकही नाही, शिस्तीचं मात्र आहे.

तोफा, बंदुका आणि हट्ट

पुन्हा व्हिटवर्थकडे. यश मिळालं तसा त्याचा स्वभावही कडक होत गेला. १८५४ नंतर सरकारने त्याला रायफल सुधारण्याचं काम सांगितलं. त्याने घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त शेड उभारून प्रयोग केले आणि षट्कोनी नळीची, ०.४५१ इंच व्यासाची रायफल बनवली. १८५७ च्या चाचण्यांत तिने सैन्याच्या एनफिल्ड रायफलीला अचूकतेत सपशेल मागे टाकलं. ही तीच एनफिल्ड, जिच्या काडतुसांवरून त्याच वर्षी आपल्याकडे वणवा पेटला. पण नळीचा व्यास फार लहान, ती लवकर घाण धरते आणि महाग पडते, अशा कारणांनी सैन्याने ती नाकारली. १८६० मध्ये विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने हीच रायफल दोरी ओढून उडवली आणि ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्याजवळ गोळी लागली. तरी निर्णय बदलला नाही. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली. आट्यांतून माणसं जोडणाऱ्याचं अचूकतेचं वेड इथे माणसं टिपण्याच्या कामी आलं, हेही त्याच्या चरित्रात लिहावंच लागतं.

तोफांच्या बाबतीत विल्यम आर्मस्ट्राँग यांच्याशी त्याची वर्षानुवर्षं चुरस चालली. घरी पत्नीशी बेबनाव होऊन दोघं वेगळी राहू लागली. १८७० मध्ये ती वारली आणि पुढच्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. इंचाचा दहा लाखावा भाग मोजणाऱ्या माणसाला जवळच्या माणसांशी जुळवून घेणं जमलंच असं नाही. कारखान्यातल्या लोकांबाबत मात्र त्याने एक पुढचं पाऊल टाकलं. १८७४ मध्ये कंपनी मर्यादित केली तेव्हा तिथे काम करणाऱ्यांनाही भागधारक करून घेतलं.

आट्यांचं पुढे काय झालं?

१८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनी ६० अंशांचा, सपाट टोकाचा आटा मांडला. तो पाडायला सोपा होता. अमेरिका तिकडे गेली. पुढे दोन महायुद्धांत मित्रराष्ट्रांचे बोल्ट एकमेकांच्या नटात जाईनात, तेव्हा १८४१ चाच धडा पुन्हा गिरवावा लागला. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा समान आटा मान्य केला. आज आपल्या गाडीच्या चाकाचे मेट्रिक आटेही ६० अंशांचेच आहेत. म्हणजे व्हिटवर्थचा आकडा हरला, पण त्याची कल्पना जिंकली.

आणि आकडाही पुरता गेलेला नाही बरं का. घरातल्या नळाची तोटी काढून आटे नीट पाहा. आपल्याकडे पाण्याच्या पाइपांचे आटे आजही ५५ अंशांचेच आहेत. अर्ध्या इंची नळाला इंचात १४ आटे. जुन्या गॅरेजमध्ये डब्लू अक्षर असलेला एखादा इंग्रजी पाना अजून सापडतो. त्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टाच्या व्यासाचा असतो, त्यामुळे नवखा माणूस हमखास गोंधळतो. आणि आपले मिस्त्री बोल्टाला चार सूत, सहा सूत म्हणतात ना? एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ब्रिटिश यंत्रांबरोबर आलेलं इंचाचं राज्य आपल्या बोलीत अजून नांदतं आहे.

शेवटचं दान

१८६८ मध्ये व्हिटवर्थने मोठी रक्कम बाजूला काढून शिष्यवृत्त्या सुरू केल्या. वर्षाला शंभर पौंडांची एक, अशा तीस. अट अशी, की विद्यार्थ्याला गणित-विज्ञानही आलं पाहिजे आणि हत्यारही चालवता आलं पाहिजे. दोन्हींची परीक्षा. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाने हे करावं, यात बरंच काही आलं. उमेदवारीतून वर आलेल्या इंजिनिअरांना या शिष्यवृत्त्या ब्रिटनमध्ये आजही मिळतात. १८६९ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो इथे, वयाच्या ८३ व्या वर्षी, तो वारला. डर्बीशायरमधल्या डार्ली डेल गावी त्याचं दफन झालं. संपत्तीचा मोठा भाग लोकोपयोगी कामांना गेला. मँचेस्टरची व्हिटवर्थ आर्ट गॅलरी त्यातूनच उभी राहिली. १८९७ मध्ये त्याची कंपनी जुना प्रतिस्पर्धी आर्मस्ट्राँगच्या कंपनीत विलीन झाली. शेवटी तेही दोन आटे जुळलेच!

मित्रांनो, डिग्री मिळाल्यावर आपल्यापैकी बरेच जण स्क्रीनसमोर बसतील आणि हाताला पुन्हा ग्रीस लागेलच असं नाही. पण घरी गाडी आहे, आई-बाबा तिच्यातून गावाला जातात. पुढच्या सुट्टीत मॅन्युअल उघडून चाकाच्या टॉर्कचा आकडा शोधा, एक टॉर्क रेंच मिळवा आणि चारही चाकं तपासून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. पृष्ठ स्वच्छ, आटे सरळ, माप बरोबर. व्हिटवर्थने सारं आयुष्य घालून शिकवलं ते एवढंच, आणि आपल्या माणसांचा जीव त्याच्यावरच सुखरूप असतो.